डावीकडून

रात्रपाळी संपते तेव्हा नदीला अजून रंग चढलेला नसतो.
विमानतळामागच्या कुंपणाला बांधलेली सायकल
दवाने निथळत असते; बाहीने सीट पुसते नि निघते
दक्षिणेला, पोटोमॅकच्या कडेकडेने.

पहिलं विमान डोक्यावरून जातं इतकं खालून
की चाकं मोजावीत.
गवतावर एक बाप, खांद्यावर पोर,
दोघं हात हलवतात त्याला.
मी नाही हलवत.
त्याच्या पोटातल्या एकशे बारा बॅगा
मघाशी मीच चढवल्यात. एकीचं हँडल तुटकं होतं.

उजव्या हाताला पार्कवे.
कुणाच्या तरी पणजोबांच्या काळातला रस्ता,
नुसतं पोचायला नव्हे, बघत बघत जायला बांधलेला:
दगडी कमानींचे पूल,
उगाच घेतलेली वळणं, नदी पुन्हा एकदा दिसावी म्हणून.
आता गाड्या एकमेकींच्या शेपट्या धरून पळतात,
काचा वर.
त्यांच्या वाट्याला झाडं येतात.
मुळं आमच्या.

डांबर फोडून वर आलेल्या प्रत्येक मुळाभोवती
हारलन प्रुइट पांढरी कड काढतो.
एकाहत्तर वर्षांचा गवंडी. कुणी सांगितलेलं नाही त्याला.
कॅरियरवर डबा, मोज्यात खोचलेला ब्रश.
मी पडले त्या दिवशी आमची ओळख झाली:
त्याने आधी सायकल पाहिली, मग माझा गुडघा,
मग ते मूळ रंगवलं, तिथंच, मी रुमाल बांधत असताना,
आणि म्हणाला, माफ कर, हे राहून गेलं होतं.

माझं नाव अझेब.
त्याच्या जिभेवर ते ईझी झालं.
लाकडी पुलाच्या फळ्या ओल्या असल्या
की पुढून ओरडतो, ईझी!
हाक मारतो की जपून ये म्हणतो,
चार वर्षांत उमगलेलं नाही.
दोन्हीला मी ब्रेकच दाबते.

या वाटेचा शब्द एकच: डावीकडून.
घट्ट कपड्यांतले तो वसुलीला आल्यासारखा फेकतात,
शाळकरी पोरं उगाच, कुणी पुढं नसतानाही.
बाबागाडी ढकलत धावणारी बाई
दम वाचवायला नुसतं ‘डावी’ म्हणते.
हारलन म्हणतो
चर्चमधे उशिरा आलेला माणूस बाकावरच्यांना म्हणतो तसा,
गुडघे आवरायला लावल्याची लाज वाटून.
बदकं कुणाचंच ऐकत नाहीत.

परवा, ऑक्टोबरच्या उन्हात,
दलदलीवरच्या लांब पुलावर
तो पुढं, मी मागं.
पाणकणसं फुटून कापूस उडत होता,
खांबावरचं मासेमार घारीचं घरटं रिकामं.
फळ्या वाजत होत्या, पण सावकाश,
एक... मग बऱ्याच वेळाने दुसरी.
मी पाय हलके केले. आणखी हलके.
त्याच्याहून हळू जायचं म्हणजे
सायकल उभी राहीना, हँडल लटपटायला लागलं.

त्याने ऐकलं असणार.
मान न वळवता म्हणाला,
ईझी, जा की. डावीकडून.

चार वर्षं हा शब्द माझ्या पाठीवर पडत आलेला.
तोंडातून फुटेना.
शेवटी म्हटला, अम्हारिकमधे, आईच्या बोलीत,
इंग्रजीत म्हटला असता तर खराच झाला असता.
आणि गेले.
त्याचा खांदा, रंगाचा डबा, कानावरची केसांची पांढरी बट,
सगळं एकदाच बाजूने सरकलं.

पूल संपल्यावर वळणाशी थांबले, एक पाय जमिनीवर.
समोर मूळ होतं एक, काळं, बिनकडेचं.
बरं झालं, थांबायला कारण मिळालं.
मागच्या फळ्या ऐकत राहिले.

तो आला, धापत, दोन्ही पाय टेकून उभा राहिला.
हे राहिलंय बघ, मी म्हणाले.
वाकून पाहिलं त्याने, बुटाच्या टोकाने पानं सारली.
राहिलेलं नाही, म्हणाला.
मागच्या वसंतातलं आहे. रंग गेलाय.

मग ब्रश माझ्यापुढे धरला.